बादलीतली मादी

तिला काडी म्हणायचे त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे अंगाने काडी. दुसरं, पेटायला वेळ लागायचा नाही.

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मासा काढला आणि त्याचे कल्ले डोळ्यांच्याही पुढे काढले. काडी बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, हा नाकाने श्वास घेतो वाटतं." वर्ग फुटला हसून. सर म्हणाले, बाहेर उभी राहा. ती बाहेर उभी राहिली. मग व्हरांड्याच्या टोकाला, मग फाटकाशी, मग घरी. आत ये असं कुणी म्हणालं नाही आणि हिने विचारलं नाही. तेव्हापासून ती बापाच्या फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात. आता सतरा पूर्ण. गॅस भरायचा, थर्मोस्टॅट बदलायचा, गिऱ्हाईक "अगं, मोठं कुणी नाही का?" म्हणालं की त्याच्याकडे बघायलासुद्धा न थांबता पाना चालवायचा.

आणि रविवारी दुपारी मासेमंडळ.

मंडळाचं पाटीवरचं नाव लांबलचक होतं, पण सगळे मासेमंडळच म्हणायचे. रंगाच्या दुकानावरचा एक हॉल, भिंतीला कायम थिनरचा वास. तीस-चाळीस माणसं जमायची. बाहेर यांना कुणी विचारत नसेल, पण इथे आली की एकेकाचा आवाज असा चढायचा की खालून रंगवाला छताला काठी ठोकायचा. भांडण कशावर, तर पाणी किती दिवसांनी बदलावं. त्यावरून दोन सख्खे साडू सहा वर्षं बोलत नव्हते.

अध्यक्ष होते दातवाले डॉक्टर. दवाखान्यात बसायच्या जागी भिंतभर टाकी, घरी अजून अकरा. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त समोरचा बोलायला लागला की त्यांना वाटायचं, याने आ केलाय तो आपण आत बघावं म्हणून. मध्येच तोडायचे.

मंडळात एक वही होती. जाड, कापडी पुठ्ठ्याची. अवघड माशाची पैदास ज्याने मंडळात पहिल्यांदा केली त्याचं नाव तीत शाईने लिहायचं. पिल्लं साठ दिवसांची झाली की दोन सभासद घरी जाऊन बघणार, डोकी मोजणार, मग नोंद. ज्याचं वहीत नाव तो सभासद. बाकी सगळे पाहुणे. पाहुण्याने मागच्या बाकावर बसायचं, चर्चेत बोलायचं नाही, आणि शेवटी खुर्च्या उचलायच्या. काडी दोन वर्षं खुर्च्या उचलत होती.

वही ज्यांच्याकडे असायची त्या वहीबाई. तीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेल्या. जे भिंगाखाली दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं ते नाही, एवढंच त्यांना येत होतं. हसायच्या कमी.

दुसरी रीत बादलीची. सभा संपताना दारापाशी एक निळी बादली ठेवायची. कुणाला नको झालेला मासा, वाढलेली वनस्पती, आजारी काही असेल तर पिशवीत बांधून त्यात टाकायचं. ज्याला हवं त्याने उचलायचं. बादलीत टाकलं की सुटलं. परत मागायचं नाही, काय झालं म्हणून विचारायचं नाही. मेलं तरी तुझं, जगलं तरी तुझं.

त्या रविवारी डॉक्टरांनी आधी एक क्रिप्ट टाकली. क्रिप्ट म्हणजे पाण्यातली एक तपकिरी पानांची वनस्पती, जागा बदलली की रुसते आणि सगळी पानं विरघळवून टाकते. "सडली," डॉक्टर सगळ्यांना दाखवत म्हणाले.

"सडली नाही," मागून काडी म्हणाली. "मूळ पांढरं आहे. पंधरा दिवस हात लावू नका, परत फुटेल."

माना मागे वळल्या. पाहुणा बोलला होता.

"बाळ," डॉक्टर मागे न वळता म्हणाले, "शाळा पूर्ण कर आधी. मग मला वनस्पतिशास्त्र शिकव."

हशा पिकला. बसचालक होता एक, सगळे गिअरकाका म्हणायचे, तो तर मांडीवर थाप मारून हसला. काडीचे कान तापले. पण ती गप्प बसली, आणि ती गप्प बसली याचंच गिअरकाकाला नवल वाटलं.

मग डॉक्टरांनी दुसरी पिशवी काढली. आत चॉकलेट गुरामीची मादी. अंगठ्याएवढा मासा, कॉफीच्या रंगाचा, अंगावर दुधाचे आडवे पट्टे. महागाचा आणि भयंकर नाजूक. पाणी जरा कडक झालं की गेला. मंडळात कुणी याची पिल्लं काढलेली नव्हती. डॉक्टर चार वर्षं मागे लागले होते.

"हिच्या घशात गाठ झालीय," डॉक्टर म्हणाले. "आठवडा झाला, खात नाही. दोन दिवस औषधाच्या पाण्यात ठेवली, फरक नाही. नराला लागण नको म्हणून काढली. कुणाला प्रयोग करायचा असेल तर करा." आणि पिशवी बादलीत.

काडी बादलीपाशी बसली. खुर्च्या तशाच. पिशवी न उचलता तिने बादली नुसती तिरकी करून बाजूने पाहिलं. मादीचा गळा खालून फुगलेला, खरं होतं. पण गाठ एका जागी असते. हे मधूनमधून हलत होतं. चूळ भरून कुणी गालात पाणी फिरवावं तसं. बादलीला कुणाचा तरी पाय लागला, तर मादी घाबरून पळाली नाही. तिने तोंड आणखी घट्ट मिटलं.

या जातीत आई अंडी तोंडात धरते. दोन-दोन आठवडे उपाशी राहते, पिल्लं पोहायला लागली की मगच तोंड उघडते. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलं होतं. दिवसाला वीस माणसांच्या तोंडात टॉर्च मारणारा माणूस या एका तोंडाशी येऊन चुकला होता.

तिने पिशवी उचलली. क्रिप्टपण उचलली. आणि काही बोलली नाही.

*

दुकानात मागच्या भिंतीला काडीची टाकी होती. केक ठेवायच्या जुन्या काचेच्या कपाटाची काच कापून, चिकटवून स्वतः बनवलेली. वर सरकतं झाकण, एकदम बंद. हे मासे वर येऊन हवेचाही घोट घेतात, ती हवा गार लागली तर पिल्लं मरतात. पाणी शेजारच्या पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या काकूंकडचं, गाळलेलं, क्षार नसलेलं. काकूंचा कूलर काडी फुकट बघायची, काकू रोज दोन कॅन द्यायच्या. त्यात वाळकी बदामाची पानं. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी.

"हे गटार कधी काढणार इथून?" बाबा रोज विचारायचे.

"गटारात मासा जगतो का, बाबा?"

"म्हणूनच विचारतोय, अजून जगतोय कसा."

मादी आल्यावर काडीने टाकीच्या तीन बाजूंना पुठ्ठा लावला. दुकानात हातोडा बंद. एक फ्रीज तर तिने बाहेर फुटपाथवर नेऊन उघडला. बाबा म्हणाले, "बाळंतपण आहे की काय घरात?" ती म्हणाली, "आहे." त्यांना वाटलं नेहमीचं उलट उत्तर.

नवव्या दिवशी सकाळी तिने शटर वर केलं आणि आधी पुठ्ठ्याच्या फटीतून पाहिलं. क्रिप्टच्या बुडख्याशी, जिथे एक नवीन पान दुमडलेलं बाहेर येत होतं, तिथे काहीतरी लुकलुकलं. तिळाएवढं. मग दुसरं. मादी वर तरंगत होती, गळा रिकामा, सुकलेली, आणि शून्य नजरेने बघत होती, जशी माणसं मोठं काम संपवून बसतात.

काडीने एकोणीस मोजली. मग परत मोजली. मग बापाला हाक मारली.

पुढचे साठ दिवस तिने जे केलं ते डॉक्टरांच्या अकरा टाक्यांनी मिळून कधी केलं नसेल. पिल्लांना जिवंत खाणं लागतं, तेही नजरेला जेमतेम दिसेल एवढं. उलट्या टांगलेल्या बाटलीत मिठाचं पाणी, त्यात आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या धुळीएवढ्या किड्यांची अंडी, खालून हवेचा पंप. अंडी फुटायला ऊब हवी, म्हणून बाटली चालू कॉम्प्रेसरच्या अंगाला बांधलेली. गिऱ्हाईक फ्रीज न्यायला आलं की काडी म्हणायची, उद्या या, अजून तपासतेय. एकाचा फ्रीज असा पाच दिवस तपासला. बाबांनी तोंडाचा पट्टा सोडला, पण दुसऱ्या दिवशी दुसरा फ्रीज स्वतःच चालू करून बाटलीशेजारी ठेवला.

तीन पिल्लं गेली. सोळा राहिली. अंगावर दुधाचे पट्टे उमटले.

*

एकसष्टाव्या दिवशी रविवार होता. काडी मागच्या बाकावरून उठून उभी राहिली.

"वहीत नोंद करायची आहे. चॉकलेट गुरामी. सोळा पिल्लं."

मंडळात तोपर्यंत दोन साडूंचं, एकमेकांशी न बोलता अध्यक्षांकडे बघून, पाण्यावरून चालू होतं, तेही थांबलं.

"गुरामी तुझ्याकडे कुठून आली?" डॉक्टरांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आठवलं. चेहऱ्यावर आधी आनंद आला, अगदी खरा, लहान मुलासारखा. "म्हणजे ती... अगं, म्हणजे ती धरून होती!" आणि मग तो आनंद तिथल्या तिथे वळला. "म्हणजे जोडी माझ्याकडे जुळली. अंडी माझ्या टाकीत. चार वर्षं! चार वर्षांनी झालं शेवटी!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरांसाठी.

"पिल्लं माझ्याकडे झाली," काडी म्हणाली.

"हो, हो, तू छान सांभाळलीस. तुझंही नाव येईल खाली. सहकार्य म्हणून."

"सहकार्य तुम्ही केलंत. औषधाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून."

कुणीतरी खोकलं. वहीबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नियम आहे. दोघं जाऊन बघून येतात. मी आणि बसवाले. बुधवारी चार वाजता. कुणाची हरकत असेल तर तिथे सांगायची, मी लिहून घेईन, मग मंडळ हात वर करून ठरवेल."

"मी येणार," डॉक्टर म्हणाले.

हात वर करून म्हणजे काय, हे काडीला चांगलं कळत होतं. निम्म्या मंडळाच्या टाक्यांतले मासे डॉक्टरांकडून आलेले, उरलेल्या निम्म्यांचे दात डॉक्टरांकडे. हरकत वहीत चढली की तिचं नाव गेलं.

खुर्च्या उचलायला ती त्या दिवशी थांबली नाही. पहिल्यांदाच. गिअरकाका जिन्यात मागून आला.

"काडे, ऐक माझं. बुधवारी सांग, तुझ्याकडे आधीपासून एक नर होता. मादी आली, जुळली, नर नंतर मेला. कोण बघायला आलंय? मामला खलास."

"काका, खोटं बोलू?"

"खोटं कसलं? नराने साक्ष थोडीच द्यायचीय."

"आणि मला कुणी विचारलं, नर किती दिवस होता, काय खायचा, कशाने मेला? अजून दहा खोटं. त्यांच्यासाठी एवढी मेहनत मी करणार नाही."

*

बुधवारी चारला बाबांनी दुकान झाडलं होतं. स्टुलं मांडली होती. स्वतः मात्र एका फ्रीजच्या मागे जाऊन बसले होते, पाय तेवढे दिसत होते.

वहीबाई आल्या, वही कापडात गुंडाळलेली. गिअरकाका आला, खाकी गणवेशातच, ड्यूटीवरून. डॉक्टर आले ते दवाखान्याचा पांढरा कोट न काढता. टाकीसमोर वाकले आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिले. सोळा पिल्लं क्रिप्टच्या पानांतून बाहेर आली. पानं हाताएवढी झाली होती. गिअरकाकाने त्या पानांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि मूग गिळून छताकडे बघायला लागला.

वहीबाईंनी मोजलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "सोळा. आई जिवंत. अंदाजे त्रेसष्ट-चौसष्ट दिवस. बरोबर?"

"चौसष्ट," काडी म्हणाली.

"मला एक विचारायचंय," डॉक्टर सरळ होत म्हणाले. आवाज मऊ होता, दाढ काढण्याआधी असतो तसा. "खरं सांग. पिशवी उचललीस तेव्हा तुला कळलं होतं?"

फ्रीजमागचे बाबांचे पाय हलले. नाही म्हण, असं ते पाय सांगत होते. गिअरकाकाही मान हलवत होता. नाही म्हटलं तर ती नशीबवान पोरगी होती, बस्स. हो म्हटलं तर चोर.

"हो," काडी म्हणाली.

"बघा!" डॉक्टर वहीबाईंकडे वळले. "कळलं होतं! आणि गप्प राहिली!"

"हो, राहिले. का राहिले तेही लिहून घ्या." काडी पेटली होती, पण आवाज चढला नव्हता, आणि हे तिचं तिलाही नवीन होतं. "पाच मिनिटं आधी मी तोंड उघडलं होतं, ह्याच क्रिप्टसाठी. तुम्ही म्हणालात शाळा पूर्ण कर. सगळे हसले. काका, तुम्ही मांडीवर थाप मारलीत. मग परत बोलले असते तर ऐकलं असतं कुणी? आणि समजा ऐकलं असतं. तर तुम्ही काय केलं असतं, डॉक्टर? सांगा ना. मासा हातात घेतला असता आणि चिमट्याने तोंड उघडून बघितलं असतं. सवयच आहे तुम्हाला. अंडी तिथल्या तिथे पडली असती फरशीवर."

 अगदी तेच केलं असतं, हे डॉक्टरांनाही माहीत होतं.

"आणि मला ती हवी होती," काडी म्हणाली. "हेही खरंय. लिहा."

वहीबाई लिहीत नव्हत्या. टोपण न काढलेलं पेन हातात धरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, बसले, गुडघ्यावर हात ठेवले. "हे बघ. मला भांडायचं नाही. तुझं नाव लागू दे. वर, मोठ्या अक्षरात. तुझंच. फक्त पुढे एक ओळ. 'अध्यक्षांनी भेट दिलेल्या मादीपासून.' बस. तुझंही काम झालं, माझीही चार वर्षं फुकट गेली नाहीत. मी हरकत घेत नाही. टाळ्या मी स्वतः वाजवीन."

गिअरकाकाने सुटकेचा श्वास टाकला. "झालं की मग!"

बाबा फ्रीजमागून बाहेर आले, हात पुसत. "घे बाई," ते हळूच म्हणाले. "नाव लागतंय ना? मग घे. एक शब्द तर आहे."

काडीने वहीकडे पाहिलं. उघड्या पानावर एकाखाली एक नावं होती, निळ्या शाईत, काही पुसट झालेली. शाळेच्या हजेरीपटात तिचं नाव होतं, त्यावर लाल रेघ मारलेली तिने स्वतः बघितली होती. इथे लागलं असतं ते राहिलं असतं. कुणी रेघ मारली नसती. एक शब्द तर होता.

"भेट नाही दिली," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"बाबा, भेट देताना माणूस देतो. हातात देतो. ह्यांनी टाकली. गाठ आहे, मरणार आहे, नराला लागण नको म्हणून बादलीत टाकली. भेट म्हटलं की ह्यांना आधीपासून माहीत होतं असं होतं. ह्यांना माहीत नव्हतं. नाही दिसलं. मला दिसलं. माझ्याकडे दुसरं काही नाही दाखवायला, तेवढंच आहे. ते द्यायची नाही मी."

"मग नाव नाही लागणार," डॉक्टर उभे राहिले. मऊपणा गेला होता. "मी हरकत घेतो."

"घ्या," काडी म्हणाली. "खुर्च्या उचलायची सवय आहे मला. पण ह्या रविवारपासून उचलणार नाही, तेवढं लिहून ठेवा."

वहीबाईंनी टोपण काढलं. नवी ओळ सुरू केली. "हरकत," असं म्हणत लिहिलं. "सांगा डॉक्टर. शब्दशः लिहिते."

"मादी माझी होती."

"होती," वहीबाईंनी लिहिलं. "मग?"

"अंडी माझ्या टाकीत घातली."

"कधी घातली? तारीख?"

डॉक्टर घुटमळले. "तारीख... नोंद नाही. दिसली नाहीत ना."

"दिसली नाहीत," वहीबाई लिहीत होत्या. "मग मादी इथे कशी आली?"

दुकानात एक जुना फ्रीज घरघरत होता. बाबांनी पुढे होऊन त्याची वायर काढली. आता नुसता हवेच्या पंपाचा बुडबुड आवाज.

"मी होते त्या दिवशी," वहीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना राग होता, ना दया. "पण हरकत तुमची आहे, माझी नाही. तुम्ही सांगाल ते लिहीन. मादी इथे कशी आली?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. बंद केलं. भेट म्हणावं तर समोर वहीबाई. बादली म्हणावं तर पुढे गाठ, गाठीपुढे औषध, आणि हे सगळं शाईत, कायमचं, खाली सही. रविवारी चाळीस माणसांपुढे वाचलं जाणार. दवाखान्यात येणाऱ्यांपर्यंत जायला किती वेळ?

"दवाखान्याची वेळ झाली," ते म्हणाले. आणि कोट सावरत निघून गेले.

वहीबाईंनी थोडं थांबून लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "हरकत घेतली. पूर्ण सांगितली नाही, सही नाही. म्हणून मंडळापुढे जाणार नाही." त्याखाली रेघ ओढली. मग पान उलटलं. "हां. पूर्ण नाव सांग. वडिलांच्या नावासकट. सावकाश."

काडीने सांगितलं. सावकाश. बाबा त्यांचं नाव आल्यावर उगाच शर्टाचं बटण लावायला लागले.

"एक अजून," काडी म्हणाली. "आईच्या रकान्यात लिहा, डॉक्टरांच्या टाकीतली. बादलीतून घेतली. दोन्ही लिहा."

वहीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मला सांगायला हवंय का तू? तेच लिहितेय."

*

रविवारी काडी पुढच्या रांगेत बसली. कुणी काही म्हणालं नाही. डॉक्टर आले नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. दात किडलेल्या सभासदांची पंचाईत झाली. कुणी म्हणालं पोरीने जरा जास्तच ताणलं, एक शब्द सोडला असता तर काय बिघडलं असतं. काडी म्हणाली, "मग तुम्ही सोडा तुमचा," आणि साडूंच्या पाण्याच्या भांडणात पडली. तिचं मत दोघांनाही पटलं नाही. त्या रागात दोघं सहा वर्षांनी एकमेकांशी बोलले.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, काडी एका फ्रीजचं दार उतरवत होती. दुकानाच्या पायरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं. डॉक्टर. साधा शर्ट. हातात काळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, छातीशी धरलेलं.

"नर आहे," ते म्हणाले.

काडीने पाना खाली ठेवला नाही.

"एकटा पडलाय. खात नाही." मग घाईने, "तोंड बघितलंय. रिकामं आहे. बाहेरून बघितलं, काचेतून."

"मग?"

"तुझी मादी दे चार महिन्यांसाठी. माझ्याकडे मोठी टाकी आहे, खास यंत्राचं पाणी आहे. पिल्लं निम्मी तुझी."

"मादी कुठे जाणार नाही."

"अगं, पण इथे? ह्या... फ्रीजच्या दुकानात?"

"इथेच झाली ना सोळा."

डॉक्टरांच्या मानेची शीर ताठ झाली. ते वळले. दोन पायऱ्या उतरले. काडी बघत होती. तिला वाटलं जाणार, आणि जाऊ दे, असंही वाटलं. पण एकटा नर, एकटी मादी, आणि चार महिन्यांनी दोन्हीकडे काहीच नाही, हे गणित त्यांनाही येत होतं. रस्त्याच्या कडेला ते थांबले. एक रिक्षा गेली, तशी त्यांनी कापडाचं गाठोडं धुरळ्यापासून वाचवायला पाठ वळवली. पाठ दुकानाकडे आली नाही. तोंड आलं.

"पिल्लं कुणाच्या नावावर?" तिथूनच त्यांनी विचारलं.

"जिथे होतील त्याच्या."

"आणि मला काय?"

"रोज येऊन बघता येईल. काचेवर टकटक करायची नाही. औषध आणायचं नाही."

"मी अध्यक्ष आहे मंडळाचा!"

"मग रविवारी व्हा. आज बुधवार आहे."

आत एका फ्रीजच्या मागे बाबांना ठसका लागला. तो खोटा होता.

डॉक्टर परत दोन पायऱ्या चढले. कापड सोडलं. पिशवीत नर होता, रंग उडालेला, पंख मिटलेले. काडीने पिशवी घेतली, उजेडाकडे धरली, चारी बाजूंनी पाहिली. मग पिशवी उघडून टाकीच्या खाली एका डब्यात ठेवली, हवेच्या पंपाची एक मोकळी बारीक नळी घेतली, एक टोक टाकीत, दुसरं पिशवीत सोडलं, मध्ये एक गाठ मारली, आणि टाकीतलं तपकिरी पाणी थेंब-थेंब पिशवीत पडायला लागलं.

"किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं. "माझे पेशंट आहेत बारा वाजता."

"दोन तास. जरा जास्तच. तुमचं पाणी वेगळं आहे." तिने एक स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. "थेंब मोजत बसा. मिनिटाला साठाच्या वर गेले तर मला हाक मारा. तुम्ही गाठीला हात लावायचा नाही."

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला, दवाखान्यात कुणालातरी सांगितलं की बाराची माणसं तीनला बोलवा. मग फोन ठेवला, पँट जरा वर ओढून स्टुलावर बसले, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हलक्या आवाजात मोजायला लागले.